अर्ध्या सेकंदाचं गाव

2017 च्या फेब्रुवारीत यूट्यूबने जाहीर केलं की जगभरातले लोक मिळून रोज 100 कोटी तास त्यांचे व्हिडिओ पाहतात. असा आकडा वाचला की आपण 'बाप रे' म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो, कारण 100 कोटी तास डोक्यात मावतच नाहीत. भागाकार केला की थोडे मावतात. वर्षाचे तास 8,760. म्हणजे जगाने एका दिवसात पाहिले 1 लाख 14 हजार वर्षांचे व्हिडिओ. माणूस शेती करू लागला त्याला जेमतेम 12 हजार वर्षं झाली. तेव्हापासून आजवरचा सगळा काळ त्या एका दिवसात नऊ वेळा बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ वेळा. आणि ही गोष्ट एकाच कंपनीची, तीही रील नावाचा प्रकार घराघरांत शिरण्याच्या आधीची.

पाहणाऱ्यांच्या पुढे टाकला जाणारा मालही तसाच. यूट्यूबवर दर मिनिटाला 500 तासांचे व्हिडिओ चढतात, असं कंपनीच सांगत आली आहे. एका दिवसात जे चढलं तेवढंच पाहायचं ठरवलं, तर न झोपता 82 वर्षं लागतील. 'आज सगळं बघून संपवलं' असं म्हणण्याची सोयच नाही. त्यात स्क्रीनला तळ उरलेला नाही. खाली सरकवत जा, नवं येतच राहतं. ही न संपणारी पट्टी 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने तयार केली. तिची लांबी काढून पाहायला मजा येते. एका रीलला दहा सेकंद आणि स्क्रीनची उंची पंधरा सेंटिमीटर धरली, तर दोन तासांत 720 रील, म्हणजे 108 मीटर. रोज दोन तास या वेगाने चाललेला अंगठा सोळाव्या दिवशी कळसूबाईच्या 1,646 मीटर उंच माथ्यावर पोचतो. घाम मात्र येत नाही.

पण या विषयातले सगळेच मोठे आकडे खरे मानू नयेत. योहान हारी यांच्या 2022 मधल्या 'स्टोलन फोकस' या पुस्तकात रास्किन यांचाच एक अंदाज दिला आहे: या पट्टीपायी रोज दोन लाख माणसांची जन्मापासून मरणापर्यंतची आयुष्यं खर्ची पडतात. हे वाक्य पुढे बरंच फिरलं. आता गुणाकार करू. आयुष्य 70 वर्षांचं धरलं तर दोन लाख आयुष्यं म्हणजे 1 कोटी 40 लाख वर्षं, म्हणजे सुमारे 511 कोटी दिवस. ते एका दिवसात खर्ची पडायचे, तर 511 कोटी माणसांनी चोवीस तास, जेवणझोप सोडून, फक्त अंगठा चालवायला हवा. जगाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या! घरातल्या पोरांना घाबरवायला आकडा झकास आहे, गणितात मात्र नापास.

आपल्याकडची गोष्ट फुगवावी लागत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या हिशेबानुसार 2014 मध्ये भारतात मोबाइलवर एक जीबी डेटा सरासरी 269 रुपयांना पडत होता आणि एक ग्राहक महिन्याला पाव जीबीच्या आसपास वापरत होता. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं. 2018 मध्ये जीबीचा भाव बारा रुपयांच्या आत आणि देशाचा वर्षाचा वापर 82.8 कोटी जीबीवरून 4,640 कोटी जीबीवर. चार वर्षांत छप्पन्नपट. आता एका ग्राहकाचा महिन्याचा वापर वीस जीबीच्या पुढे गेला आहे. 2014 च्या भावाने त्याचं बिल 5,380 रुपये झालं असतं. त्या काळी घरात फोनवर लगाम होता, पण तो आईबापांचा नव्हता, रिचार्जचा होता.

भावापेक्षाही मला पॅकची रचना जास्त करामती वाटते. महिन्याचा एक जीबी मिळायचा तेव्हा माणूस पुरवून वापरायचा. रोज दीड जीबी मिळू लागला आणि उरलेला मध्यरात्री बुडू लागला, तशी पानात टाकायचं नाही ही घरोघरची शिकवण डेटालाही लागू झाली. मध्यम दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण पाऊण जीबी खातो. म्हणजे रोजच्या पानात दोन तास वाढलेलेच असतात. मजकुरात मोजलं तर दोनशे पानांचं मराठी पुस्तक एक एमबीच्या आसपास भरतं. दीड जीबीत अशी दीड हजार पुस्तकं, रोज.

या सगळ्यासमोर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव ठेवून पाहू. वस्ती तीनेक हजार, शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. कोविडनंतर शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातातले फोन सुटेनात. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ठरवलं: संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

तीन हजारांतल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळासकट, दीड तास वाचवला असं उदारपणे धरू. एका संध्याकाळचे 4,500 तास. यूट्यूबच्या 2017 मधल्या वेगाने जग सेकंदाला साडेअकरा हजार तास पाहत होतं. म्हणजे अख्ख्या गावाची संध्याकाळ अर्ध्या सेकंदाच्या आतच संपली. वर्षभर एकही दिवस न चुकवता भोंगा वाजला, तरी कंपनीचं नुकसान दोन मिनिटं बावीस सेकंदांचं.

तेच दीड तास वडगावच्या एका मुलीच्या बाजूने मोजा. वर्षाचे 547 तास. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 800 तास अध्यापन सांगितलं आहे. दोन तृतीयांश शाळा झाली की! त्या वेळात ती अभ्यासच करेल असं नाही. अंगणात भांडेल, आजीच्या मागे भुणभुण करेल. चालेल.

घरातल्या घरात हे का जमत नाही, याचंही उत्तर मला गणितातच दिसतं. चौघांच्या घरात माणसांच्या जोड्या, म्हणजे आपसातल्या गप्पांचे धागे, सहा. चौघांनी फोन ठेवले तरी बाहेरचे ग्रुप चालूच असतात, आणि आपल्यामागे काय चाललंय ही चुटपुट फोनपाशी परत ओढते. फोनमधली वेळेची मर्यादा तर एका टिचकीत उडवता येते. तीन हजारांच्या गावात जोड्या होतात जवळपास 45 लाख. सातला त्या सगळ्या एकदम गप्प होतात, म्हणून कुणाचं काही हुकत नाही. शंभर घरांच्या, चारशे माणसांच्या सोसायटीत जोड्या 79,800. वार्षिक सभेत पार्किंगचा वाद सुरू होण्याआधी हा विषय घेता येईल. तो सुरू झाल्यावर कुठल्याच ठरावाची आशा नको.