रावण नेमका दिसतो कसा?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वादाला तोंड फोडायचंय? सोपं आहे. चहाचे कप टेबलावर आले की फक्त 'आदिपुरुष' एवढंच म्हणा आणि गंमत बघा. कुणाला व्हीएफएक्स आठवतील, कुणाला प्रभासच्या मिशा, कुणाला ते डायलॉग. सिनेमा येऊन गेला १६ जून २०२३ ला, पण त्यावरची मतं अजून गरमागरम आहेत. एखाद्या फ्लॉप सिनेमाच्या नशिबी एवढं दीर्घायुष्य क्वचितच येतं, नाही का?

त्यात हे प्रकरण आपल्या घरचं. दिग्दर्शक ओम राऊत मराठी. 'लोकमान्य : एक युगपुरुष' (२०१५) आणि 'तान्हाजी' (२०२०) त्याचेच. गाणी अजय-अतुलची. बजरंगाच्या भूमिकेत 'जय मल्हार'वाला देवदत्त नागे. ट्रेलरमधला त्यांचा कोरस कानावर पडला तेव्हा अंगावर काटा आला होता, हे आज टीका करणारेही खासगीत कबूल करतील.

दाढीवरून महाभारत

पहिला भडका उडाला २ ऑक्टोबर २०२२ ला, अयोध्येत टीझर आला तेव्हा. सैफ अली खानचा लंकेश दाढीवाला आणि स्पाइक्ड हेअरकटवाला. हनुमानाच्या अंगावर चामड्यासारखा दिसणारा पोशाख. पुष्पक विमानाच्या जागी वटवाघळासारखा अजस्र प्राणी. सोन्याची लंका काळीकुट्ट. 'हा आमचा रावणच नाही' असा सूर लागला आणि जानेवारी २०२३ चं रिलीज जूनवर गेलं.

पण आपला रावण म्हणजे तरी कोणता? आपल्या डोक्यातले देव कुठून आले, हे जरा आठवून बघा. बरेचसे आले राजा रवि वर्मांच्या छापील चित्रांतून, म्हणजे कॅलेंडरांतून. मग आले दादासाहेब फाळके. त्यांच्या 'लंका दहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंकेंनी केल्या होत्या! 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण झाली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी, आणि कालियाशी तिची लढाई म्हणजे त्या काळातले स्पेशल इफेक्ट्सच. मग १९८७ ला रामानंद सागरांची 'रामायण' मालिका आली. हवेत एकमेकांवर आदळणारे बाण आज बघितले तर हसू येतं, पण तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे.

थोडक्यात काय, दर पिढीने देवांना नवे कपडे शिवले आणि लोकांनी ते चालवून घेतले. मग 'आदिपुरुष'चंच का बिनसलं?

चला, झाडीपट्टीत

याचं उत्तर शोधायला जरा मल्टिप्लेक्सच्या बाहेर पडू. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालात की वाटेत सावली लागतं. तालुक्याचं गाव, आजूबाजूला धानाची शेतं आणि जंगल. हा सगळा पट्टा झाडीपट्टी रंगभूमीचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज, ही या नाटकांची राजधानी. हौस म्हणून खेळली जाणारी ही गोष्ट नाही. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली.

आज इथे कौटुंबिक, सामाजिक नाटकं जास्त रंगतात. पण या रंगभूमीचं मूळ दंडारीत आहे, आणि दंडारीत पुराणकथा हमखास. तिथे ग्रीन स्क्रीन कुठला? रंगवलेला पडदा, पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा मुकुट, हातात लाकडी तलवार. तरीही समोर बसलेलं पब्लिक रात्रभर हलत नाही, कारण सगळा भार असतो नटाच्या आवाजावर आणि शब्दावर. मुकुट तिरका झाला तर चालतो, संवाद तिरका गेला तर नाही.

'आदिपुरुष'चं घोडं नेमकं इथेच अडलं. पहिल्या तीन दिवसांत जगभरात ३४० कोटी कमावल्याचा दावा निर्मात्यांनी केला, म्हणजे बघायला लोक आले होते. भडकले ते हनुमानाच्या तोंडची टपोरी भाषा ऐकून. काही दिवसांत संवाद बदलावे लागले, जुलैमध्ये लेखक मनोज मुंतशिर यांनी जाहीर माफी मागितली. तोवर थिएटरं रिकामी झाली होती. दिसण्यावर पाण्यासारखा पैसा ओतलेल्या सिनेमाला बोलणं नडलं.

आणि जिथे रावण जळत नाही

सावलीहून पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. तिथल्या धानोरा तालुक्यातल्या परसवाडीत दसऱ्याला रावणाची पूजा होते. गोंड समाजातल्या अनेकांसाठी रावण हा राजा आहे, पूर्वज आहे. आपण शहरात 'खरा रावण असा नसतोच' म्हणून घसा कोरडा करत असताना इथला माणूस शांतपणे विचारू शकतो, की बाबांनो, तुमच्या कुठल्याच सिनेमात माझा रावण का दिसत नाही?

हा प्रश्न व्हीएफएक्सपेक्षा मोठा आहे. कारण कोट्यवधींच्या सिनेमातलं चित्र लहान मुलांच्या डोक्यात कायमचं बसतं. काळा, अक्राळविक्राळ, जंगली म्हणजे राक्षस, असं समीकरण एकदा पक्कं झालं की जंगलात राहणाऱ्या पोरांनी स्वतःला त्या पडद्यावर कुठे शोधायचं?

नितेश तिवारींच्या 'रामायण'ची घोषणा २०२४ ला झाली : दोन भाग, दिवाळी २०२६ आणि दिवाळी २०२७. रणबीर कपूर राम, यश रावण. म्हणजे कॅन्टीनमधल्या वादाची पुढची सोय झालीच आहे! तेव्हा ग्राफिक्सना स्टार्स जरूर द्या. पण एकदा डोळे मिटून नुसते संवादही ऐका. आणि रावण पडद्यावर आला की एवढं तपासा : तो माणूस वाटतोय, की नुसताच कॉम्प्युटरने रंगवलेला राक्षस?