भरल्या कणगीचे देणे



दिवाळी आली. खळे उरकले, बाजरी घरात आली, पाडव्याला बळीराजाची पूजा होईल. कणगी भरली की घरातल्या माऊलीचा जीव थाऱ्यावर येतो. हा आनंद कष्टाचा आहे, तो मोकळ्या मनाने भोगावा. फक्त फराळाचे ताट पुढे घेताना एक गोष्ट ध्यानात असू द्या.

ज्वारी पिकवून खाणारे जगात आपणच नाही. आफ्रिकेतील सुदान देशातही गोरगरिबांचे पोट ज्वारीवरच चालते. तिथल्या बाया ज्वारीचे पीठ आंबवून घावनासारखी पातळ भाकरी करतात, तिला ‘किसरा’ म्हणतात. नाईल नदीच्या पाण्यावर भिजणारा गेझिरा हा तिथला मोठा बागायती मुलूख. माती चांगली, पाणी मुबलक, माणसे कष्टाळू. पण एप्रिल 2023 मध्ये देशात यादवी पेटली आणि डिसेंबरात ती गेझिऱ्यात पोचली. पेरण्या राहिल्या, धान्याची कोठारे लुटली गेली, वाटा बंद झाल्या. ऑगस्ट 2024 मध्ये दार्फूर भागातील झमझम छावणीत भीषण उपासमार असल्याचे जाहीर झाले.

म्हणजे भूक दर वेळी आभाळातून उतरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे 2024 साली जगात सुमारे 67 कोटी माणसे भुकेली होती. दर बारा माणसांत एक. याच जगात 2022 या एका वर्षात 105 कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक घराघरांतून!

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. बागायतदाराच्या घरची माणसेही खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला गेली. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे राबत होती. कामावर सुकडी मिळे, घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी असे. हाताला काम आणि कामाला रोज मिळाला, म्हणून चूल पेटली. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला, त्यामागे हाच अनुभव होता. धान्य नुसते असून भागत नाही, ते भुकेल्याच्या हातात पडावे लागते.

आपल्या पानात उरलेली भाकरी सुदानला पोचणार नाही, हे खरे. पण आपल्या बांधापर्यंत तर पोचेल! दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत धान्य उन्हात वाळवा, निवल्यावरच कणगीत भरा. कणगीखाली फळ्या घाला, ती भिंतीला टेकवू नका. किडीने आणि उंदराने खाल्लेला दाणा कुणाच्याच पोटात जात नाही.

आणि बांधावर नजर टाका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घरदार सोडून निघतात. तुमच्या फडाशेजारी त्यांच्या कोप्या पडल्या असतील. त्या पोरांच्या हातावर शिळे-उरलेले नको. आपल्या लेकरांसाठी तळलेल्या घाण्यातलीच करंजी ठेवा. त्यांच्या आयांना तुमच्या विहिरीवर पाणी भरू द्या. सुगीला राबलेल्या गड्याची मजुरी सणाआधीच चुकती करा.

बळीचे राज्य यावे असे आपण दर पाडव्याला म्हणतो. ज्या गावात सणाच्या दिवशी कुणाची चूल विझलेली नसते, तिथे ते आले असे समजावे.