काळविटांची राखण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यान, कर्जत तालुका वसलेला आहे. पाऊस येथे बेताचा आणि बेभरवशाचा. जमीन कोठे काळी, तर कोठे हलकी व मुरमाड. पाऊसकाळ चांगला झाला म्हणजे माळ गवताने हिरवे होतात. दिवाळी सरली की तेच गवत पिवळे पडून वाऱ्यावर डोलू लागते. याच माळावर रेहेकुरी नावाचे गाव आहे. गावालगतच्या रानात सकाळच्या कोवळ्या उन्हात काळविटांचे कळप चरताना दिसतात. नराची पाठ गडद काळसर, पोट पांढरेशुभ्र आणि शिंगे मळसूत्राप्रमाणे पिळदार असतात. माद्या पिंगट रंगाच्या व बहुधा बिनशिंगांच्या असतात. चाहूल लागताच एखादी मादी उंच उडी घेते आणि क्षणार्धात सारा कळप उधळतो.

हा प्राणी एके काळी दख्खनच्या पठारावर विपुल होता. पुढे बंदुका वाढल्या, मोटारी माळावर धावू लागल्या आणि माळही नांगराखाली आले. कळप विरळ होत गेले. पूर्वीच्या मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने शिकार सर्वस्वी बंद झाली नाही, तर ती परवान्याच्या बंधनात आली. परंतु माळ अफाट आणि परवाने तपासणारी माणसे थोडी, अशा स्थितीत नियम पुष्कळदा कागदावरच राहतो. १९७२ साली साऱ्या देशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाला स्थान मिळाले आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा ठरला. १९८० साली रेहेकुरी येथे काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर आहे. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची पद्धतच संपुष्टात आली.

कायदा झाला, सीमा आखल्या गेल्या. पण एवढ्याने राखण होत नाही. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढाव्या लागतात. रात्री-अपरात्री गस्त घालावी लागते. या सर्व कामांना पैसा लागतो. तो कोठून येतो?

अमेरिकेत या प्रश्नाचे एक निराळे उत्तर सापडते. तेथे नियंत्रित शिकारीला मुभा आहे. १९३७ सालच्या एका कायद्यान्वये बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटून दिले जाते. ज्या राज्याला हा वाटा हवा असेल, त्याने शिकारपरवान्यांचे शुल्क अन्य कामांकडे वळवू नये, अशी अटही त्यात आहे. म्हणजे शिकारी पैसा भरतो आणि त्याच्या पैशाला कायदा कुंपण घालतो.

आपल्या देशात शिकारीलाच बंदी असल्यामुळे हा मार्ग उरत नाही. येथे खर्चाचा मुख्य भार सरकारी तिजोरीवर पडतो. राज्याच्या अर्थसंकल्पात वनविभागासाठी रक्कम ठेवली जाते व तिला विधिमंडळाची मंजुरी लागते. केंद्र सरकारही वन्यजीवांच्या अधिवासविकासासाठी अनुदान देते. याशिवाय रस्ता, खाण वा धरण यांसाठी वनजमीन घेणाऱ्यांना भरपाई द्यावी लागते. २०१६ च्या कायद्याने या भरपाईचा स्वतंत्र निधी झाला असून त्याचा ९० टक्के भाग राज्यांकडे येतो. २०१८ च्या नियमांप्रमाणे त्यातून नेहमीच्या नोकरवर्गाचे पगार अथवा परदेशदौरे करता येत नाहीत. तिजोरीतील पैसा मात्र साऱ्या जनतेचा. काड्यापेटी विकत घेणारा मेंढपाळदेखील कर भरतो. म्हणून रेहेकुरीच्या पाणवठ्यावरील पाण्यात त्याचाही वाटा आहे, आणि ज्याचा वाटा त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

हिशेब पाहण्याच्या अनेक पायऱ्या आहेत. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक सरकारी खर्चाची तपासणी करतात. त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो आणि लोकलेखा समिती त्यावर विचार करते. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळ धोरणाविषयी सल्ला देते. सामान्य नागरिकाच्या हातीही एक साधन आहे. महाराष्ट्रात २००२ साली व देशात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्यासाठी झालेल्या चळवळीत याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे श्री. अण्णा हजारे अग्रभागी होते. साध्या कागदावर अर्ज करून कोणीही विचारू शकतो : पाणवठ्यावर किती रक्कम खर्च झाली? ती कोणत्या कामासाठी?

तथापि बेरीज-वजाबाकी जुळली म्हणजे देखरेख पूर्ण झाली, असे नव्हे. माळावर एक लक्ष रोपे लावली आणि त्यांच्या पावत्या चोख ठेवल्या, तरी काळविटाचे हित साधेलच असे नाही. काळवीट हा मोकळ्या गवताळ रानाचा प्राणी. शत्रू दुरून दिसावा आणि धावायला वाव मिळावा, यावर त्याचे जीवित अवलंबून असते. दाट झाडी वाढली तर त्याचे घरच बुजते. ‘माळ म्हणजे पडीक जमीन’ ही समजूत जुनी आहे. या समजुतीपायी चांगल्या हेतूने केलेला खर्चही अपाय करू शकतो. म्हणून ‘किती खर्च झाला?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘त्याने काय साधले?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

या जिल्ह्याने याच संदर्भात दुसराही धडा अनुभवला आहे. माळढोक हा मोठा, देखणा पक्षीही याच माळांचा रहिवासी. त्याच्या रक्षणासाठी १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. कर्जत, श्रीगोंदे व नेवासे या तालुक्यांचे भाग त्यात आले. एवढ्या विस्तारात वस्तीची गावे आणि पिकती शेतेही सापडली. शेतकऱ्याला आपल्याच जमिनीच्या व्यवहारात अडचणी येऊ लागल्या आणि पक्ष्याविषयी आपुलकी वाढण्याऐवजी कटुता वाढली. सुमारे तीन दशकांनंतर, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रश्न गेल्यावर, फेरआखणी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर क्षेत्र उरले. दरम्यान माळढोक दुर्मीळ होत गेला. आज साऱ्या जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत, असा अंदाज आहे. नकाशावरची रेषा मोठी असली म्हणजे रक्षण मोठे होते, हा भ्रम या उदाहरणाने दूर होतो.

शेतकऱ्याची बाजू येथे विशेष ध्यानात घेतली पाहिजे. काळविटाला सीमा कळत नाही. अभयारण्यातील गवत सुकले की कळप लगतच्या शेतात उतरतो आणि कोवळी ज्वारी खाऊन टाकतो. वर्षाची भाकरी एका रात्रीत जाते. अशा नुकसानीबद्दल सरकारकडून भरपाई मिळते. शेतकऱ्याने वनविभागाला कळवावे, पंचनामा व्हावा आणि रक्कम त्याच्या पदरी पडावी, अशी ही रीत आहे. पंचनामा प्रामाणिक आणि भरपाई वेळेवर असेल, तर शेतकरी नुकसान सोसूनही काळविटाचा वैरी होत नाही. भरपाई रखडली, तर फासे आणि विषप्रयोग यांची वाट मोकळी होते. तेव्हा कचेरीतील एका टेबलावर पडून राहिलेला कागददेखील माळावरच्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतो.

जिल्ह्याच्या उत्तर भागातील उसाच्या पट्ट्यात प्रश्न याहून बिकट आहे. तेथे बिबट्या उसात दडून राहतो. त्याच्यामुळे गुरांना आणि क्वचित माणसांनाही प्राणास मुकावे लागते. अशा वेळी जमावाने बंदूक वा काठी उचलणे कायद्याला मान्य नाही. तो प्राणी माणसाच्या जिवास धोकादायक झाला आहे आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री पटल्यावरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला ठार करण्याचा आदेश देऊ शकतात. तो आदेश लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो. लिहिलेले कारण उद्या कोणालाही तपासता येते; म्हणूनच कायद्याने ही अट घातली आहे.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्याजवळच्या मचाणांवर वनरक्षकांसोबत नागरिकही बसतात. चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची ते निमूटपणे नोंद करतात. शास्त्रशुद्ध गणनेसाठी आता याहून चांगल्या पद्धती आल्या आहेत. तरीही त्या रात्रीचे मोल कमी होत नाही. ज्याच्यासाठी आपण कर भरला, तो प्राणी पाण्याला तोंड लावताना नागरिक स्वतः पाहतो. ज्या शेतकऱ्याची कणसे खाल्ली गेली, तरी ज्याने दगड उचलला नाही, त्याचे देणे वेळेवर चुकते झाले की नाही, हेही त्याच नागरिकाने दुसऱ्या दिवशी विचारावे. काळविटांची खरी राखण तेव्हाच पुरी होते.