जुनी लाकडी स्पीडबोट : ओळख कशी पटवायची आणि दुरुस्ती कशी करायची?



जुन्या मोटारगाड्या हौसेने नीट करून चालवणारे लोक आपण पाहतो. तसेच जुन्या बोटी दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवणारे लोकही आहेत. अमेरिकेत ही हौस फार मोठी आहे. आज आपण तिथल्या 'क्रिस-क्राफ्ट' कंपनीच्या लाकडी स्पीडबोटीचं उदाहरण घेऊन हे काम कसं चालतं ते समजून घेऊया. यात इतिहास आहे, विज्ञान आहे आणि सुतारकामही आहे.

थोडा इतिहास

मिशिगन राज्यात अल्गोनॅक नावाचं नदीकाठचं गाव आहे. तिथे ख्रिस्तोफर स्मिथ हे बोटी बांधायचे. १९२२ मध्ये त्यांनी मुलांना सोबत घेऊन कंपनी काढली. तीच पुढे क्रिस-क्राफ्ट झाली. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिनं शिल्लक पडली होती. सुरुवातीच्या बोटींना ती स्वस्तातली इंजिनं बसवली. एकाच नमुन्याच्या अनेक बोटी कारखान्यात बांधल्यामुळे किंमतही आटोक्यात राहिली. पुढे फायबरग्लास आलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीच्या लाकडी बोटी बंद झाल्या. म्हणजे आज सापडणारी अशी प्रत्येक लाकडी बोट किमान पन्नास वर्षांची असते.

बोट ओळखायची कशी?

समजा, एखाद्या गोठ्यात किंवा शेडमध्ये धूळ खात पडलेली बोट मिळाली. नावाची पट्टी गेलेली, रंग उडालेला. मग काय बघायचं?

१. इंजिनाची जागा : 'रनअबाउट' प्रकारात इंजिन डेकच्या झाकणाखाली असतं आणि बसायच्या जागा वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. 'युटिलिटी' प्रकारात बोट आतून मोकळी असते आणि इंजिन मधोमध एका पेटीत असतं.

२. लांबी : टेप लावून नीट मोजायची. अंदाज नको.

३. बोटीचा क्रमांक : हा सगळ्यात मोठा पुरावा. क्रिस-क्राफ्टमध्ये तो लाकडावर ठोकलेला असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 'स्पोर्ट्समन' बोटीचा क्रमांक 'यू-२२' असा सुरू होतो. यातले २२ म्हणजे बोटीची लांबी, फुटांत. पुढचा आकडा म्हणजे त्या नमुन्यातली कितवी बोट. १९८१ च्या 'ऑन गोल्डन पाँड' या सिनेमात दिसते ती बोट याच जातीची.

४. इंजिनाचा क्रमांक : हा इंजिनावरच्या धातूच्या पट्टीवर असतो.

आता गंमत बघा. कारखान्यातून निघालेल्या बोटीचं एक कार्ड भरलं जायचं. कोणतं इंजिन बसवलं, बोट कुठे पाठवली, अशा नोंदी त्यावर असत. ही कार्डं आज व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये जपलेली आहेत. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जुन्या विद्यार्थ्याची नोंद सापडते ना, तसंच हे! कार्डावरचा इंजिन क्रमांक जुळला तर इंजिन मूळचं. नाही जुळला तर ते मधे कधीतरी बदललेलं आहे.

ओळख आधी का पटवायची? कारण चुकीचा नमुना धरला तर चुकीची काच, चुकीचा रंग, चुकीचे भाग बसतात. एकदा जुनं लाकूड कापून फेकलं की ते परत मिळत नाही.

दुरुस्तीच्या पायऱ्या

आधी फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी लावायची. बोटीखाली सगळीकडून सारखे टेकू द्यायचे, नाहीतर ती स्वतःच्याच वजनाने वाकते.

मग लाकूड तपासायचं. टोकदार आरी लाकडात हलकेच दाबायची. सहज आत गेली तर तिथे कूज आहे. ही कूज बुरशीमुळे होते. मीठ बुरशीला मानवत नाही, त्यामुळे समुद्राच्या पाण्यापेक्षा डेकमधून झिरपून साचलेलं पावसाचं पाणी लाकडाचं जास्त नुकसान करतं. स्क्रूही बघावे लागतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात राहून त्यातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू ठिसूळ होतो. म्हणून नवीन स्क्रू सिलिकॉन ब्राँझचे वापरतात.

खरा प्रश्न तळाचा

स्पीडबोट वेग घेते तेव्हा ती पाणी कापत जात नाही, पाण्याच्या वर उचलली जाऊन सरकते. त्यामुळे तळावर लाटांचे सतत फटके बसतात. तळ कुजका असेल तर वेगात फळी सुटू शकते, आणि मग प्रश्न बोटीचा नाही, आतल्या माणसांचा असतो. तळाचा मागचा भाग सरळही असावा लागतो. तो बाहेरच्या बाजूला फुगीर झाला तर बोट वेगात उड्या मारायला लागते.

जुना तळ दुहेरी असायचा. आतल्या फळ्या तिरप्या, बाहेरच्या लांबीला समांतर, मधे कॅनव्हास. पावसाळ्यात घराचं दार फुगून घट्ट बसतं, तसंच या फळ्या पाण्यात फुगतात आणि फटी बंद होतात. म्हणून असा तळ असलेली बोट पाण्यात सोडल्यावर आधी गळते. काही दिवस पंप लावून, दोरांच्या आधाराने ती तशीच ठेवतात.

आज बरेच कारागीर आतला थर प्लायवूडचा करतात आणि मधे चिवट, लवचिक पॉलीयुरेथेन चिकटद्रव्य भरतात. तळ गळत नाही, पण मूळ रचना जाते. मग बोट 'जुनी' म्हणायची का? अमेरिकेतली जुन्या बोटींची संस्था इथे मधला मार्ग काढते. डेक आणि बाजूंचं किमान ६० टक्के साहित्य मूळचं असेल तर ती बोट 'जतन केलेली' मानली जाते. तळ या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते जपा आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते मजबूत करा. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

शेवटचा हात आणि एक इशारा

शेवटी महोगनीला रंगछटा देऊन व्हार्निशचे दहा-बारा हात देतात. दर हातानंतर पॉलिश पेपर मारतात. ही निव्वळ चकाकी नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून लाकडाचं रक्षण त्यामुळेच होतं.

आणि लक्षात ठेवा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली ती उघड्यावर निघून जाते, पण बोटीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पडली की स्फोट! म्हणून इंजिन सुरू करण्याआधी साधारण चार मिनिटं पंखा लावून ती वाफ बाहेर काढतात. जुन्या बोटीत पंखा नसेल तर तो बसवायलाच हवा, मूळची असो वा नसो.

विचार करा, सांगा

१. लाकडी तळ पाण्यात राहिल्यावर गळायचा का थांबतो?
२. बोटीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक असे दोन्ही का तपासतात?
३. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू दुरुस्त करायची ठरली, तर तिचा कोणता भाग जपाल आणि कोणता बदलाल? कारण सांगा.