जगात लिनक्स, भारतात परभणी!

२०२५ ची दिवाळी. रात्रभर ट्रॅव्हल्सचे धक्के खाऊन पुण्याहून परभणीला पोचले. चहा धड घशाखाली उतरला नव्हता, तोच अण्णांचं फर्मान आलं, ‘ते कॉम्प्युटर रोज काहीतरी सांगायलंय. बघ जरा.’

ते सांगत होतं ते खरंच होतं. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा सपोर्ट थांबवला होता. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सिक्युरिटीचे नवे अपडेट्स येत नाहीत. (मुदतवाढ होती, पण वर्षभराचीच.) विंडोज इलेव्हन टाकावं, तर त्याला टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमचा पीसी २०१२ चा, कोअर आय-थ्री, रॅम ४ जीबी. दुकानदाराने निकाल देऊन टाकला होता : ‘सर, भंगारात द्या, नवीन घ्या.’

‘चालायलेलं मशीन भंगारात कशापायी द्यायचं?’ अण्णा, निवृत्त शिक्षक. प्रश्न बिनतोड होता. आणि पेन्शनचं खातं त्याच मशीनवर उघडतात, म्हणजे तसंच ठेवणंही परवडणारं नव्हतं.

तर मंडळी, लिनक्स! आयटीवाली मुलगी असल्याने रात्री बसून मी पर्याय चाळले. क्रोम-ओएस फ्लेक्स हलकं, पण त्याचा सगळा जीव नेटमध्ये, आणि आमच्या गल्लीतलं नेट लहरी. लुबुंटू आणखी हलकं, पण दिसायला जरा रुक्ष. शेवटी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. २ जीबी रॅमवरही चालते, मेन्यू डाव्या कोपऱ्यातच असतो, आणि २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. (तुमचं मशीन ३२ बिटचं असेल, तर आधी शोधाशोध करा. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही त्याचा इन्स्टॉलर बंद केला.)

सगळ्यात छान भाग म्हणजे, हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं. वायफाय लागलं, आवाज आला, यूट्यूबवर अभंग सुरू झाला. ‘बरंय की!’ इति अण्णा. मी कॉलर ताठ केली.

‘आता माझी फाईल उघड.’

ही फाईल म्हणजे आजोबांच्या आठवणी. निजामाची राजवट, रझाकार, १९४८ ची पोलीस ॲक्शन. आजोबा सांगत गेले आणि अण्णा टाइप करत गेले, १४० पानं. आजोबा आता नाहीत. फाईल उघडली आणि पडद्यावर टोप्या घातलेले रोमन किडे वळवळायला लागले. अण्णा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

गोम अशी की, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आत साठतात रोमन अक्षरांचेच कोड, फॉन्ट फक्त वर मराठी मुखवटा चढवतो. विंडोजमधून तो फॉन्ट मिंटमध्ये कॉपी केला आणि आजोबा परत आले. पण त्या फॉन्टमध्ये टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच होतं, ते काही हललं नाही. मी रॅम बघितली, प्रोसेसर बघितला. माणूस त्या मशीनवर काय करतो, हे विचारायचंच राहिलं होतं.

आमच्याकडे म्हणतात, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे १५ हजार पीसी नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. २०२४ मध्ये त्याच जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने पुन्हा मायक्रोसॉफ्ट सोडायची घोषणा केली. त्यांचं इतकं तळ्यात-मळ्यात चालतं, तिथे अण्णांनी एका दिवाळीत काय ठरवावं?

मग मधला मार्ग. आधी फाईलच्या तीन कॉप्या. मिंटसाठी नवा छोटा एसएसडी, जुनी डिस्क विंडोजसकट तशीच, पण तिचं नेट बंद. बँक, बातम्या, यूट्यूब मिंटवर. प्रिंटरने दोन तास छळलं, ते जाऊ द्या. फाईल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली, तर निम्मे रफार आणि जोडाक्षरं लंगडी झाली. ती आता अण्णा रोज दोन पानं हाताने दुरुस्त करतात, लिबर-ऑफिसमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकत शिकत.

परवा ऐन मीटिंगमध्ये फोन. ‘अगं, शेतकऱ्यातला ऱ्या कसा काढायचा? हे सारखं र्या करायलंय.’

‘शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग काना.’

पलीकडे बराच वेळ खटखट. ‘आला. ठेव.’