दुप्पट बॅटरी, तोच प्रोसेसर

असूस कंपनीचा ‘आरओजी अ‍ॅलाय’ हा हातात धरून खेळायचा गेमिंग संच जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. पुढच्या वर्षीच्या सुधारित ‘अ‍ॅलाय एक्स’ची किंमत तेव्हा ८९,९९० होती. वीस हजार जास्त मोजायचे आणि प्रोसेसर तोच, पडदाही तोच सात इंची. कागदावर हा सौदा तोट्याचा दिसतो. संभाजीनगरजवळच्या करमाडमध्ये बसून हिशेब मांडला, तर मात्र मला तो फायद्याचा वाटतो. बॅटरी ४० वॅट-तासांवरून थेट ८० वर गेली आहे. जड गेम जोरात चालवताना एकट्या प्रोसेसरलाच २५ वॅट लागू शकतात; त्यात पडदा आणि पंखा धरला की जुना संच तासा-सव्वा तासात मान टाकतो. नवा दोन तास तग धरतो. संभाजीनगरहून मुंबईला रेल्वेने सहा-सात तास लागतात, जनरल डब्यात चार्जिंगचा पॉइंट हाताशी येईलच असं नाही, आणि घरची वीजही उन्हाळ्यात भरवशाची नसते. सारखा भिंतीला बांधून ठेवावा लागणारा संच हातातला कसला?

उन्हाचा मुद्दा तर परीक्षणांत फारसा येतच नाही. निन्टेन्डो आपला ‘स्विच’ हा असाच हातातला संच ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगते. स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हनेही वरची मर्यादा ३५ अंशच दिली आहे. मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. खोलीतली हवाच तापलेली असली की पंखा तीच आत ओढतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मग नवी वेगवान चिप बसवून तरी काय मिळवलं? जुन्या अ‍ॅलायमध्ये मेमरी कार्डाची खाच गरम हवा बाहेर पडणाऱ्या झरोक्याला लागूनच होती, आणि उष्णतेच्या ताणाने कार्ड रीडर बिघडू शकतो हे कंपनीने २०२३ मध्ये मान्य केलं. नव्या संचात ती खाच तिथून हलवली. माझ्या लेखी ही दुरुस्ती वेगापेक्षा मोलाची आहे.

‘प्रोसेसर तोच, मग नवं ते काय?’ या आक्षेपाला स्विचचंच उदाहरण पुरेसं आहे. २०१९ मध्ये निन्टेन्डोने रूप तसंच ठेवून आतली चिप कमी वीज खाणारी केली. अडीच ते साडेसहा तास चालणारा संच साडेचार ते नऊ तास चालू लागला. २०२१ ची ओएलईडी आवृत्ती दिसायला देखणी, पण चालण्याचा वेळ तेवढाच. जास्त गवगवा झाला तो तिचा! वजनाची तक्रार खरी आहे: ६०८ ग्रॅमचे ६७८ झाले, आणि तासाभराने मनगटाला ते जाणवणारच. जुना संच घरात असेल आणि खेळणं प्लगशेजारीच होत असेल, तर नव्याचा खर्च वाचवावा. पहिल्यांदाच घेणाऱ्याने मात्र आयात केलेल्या स्विच किंवा स्टीम डेककडे वळण्याआधी विचार करावा. ते बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या भारतात अधिकृतपणे संच विकत नाहीत, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्न उरतोच. अ‍ॅलाय एक्समध्ये लॅपटॉपला लागते तीच नेहमीच्या मापाची एसएसडी बसते, ती संभाजीनगरात सहज मिळते. दुकानात चार्जर काढून अर्धा तास जड गेम चालवायला सांगावा आणि मग वरच्या झरोक्यापाशी हात धरून बघावा.