खर्चाला कमाल मर्यादा, संधीला किमान नाही

२ डिसेंबर २०२५ रोजी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बहुतेक नगरपालिकांसाठी मतदान झाले. आधीचे मतदान २७ नोव्हेंबर २०१६ चे, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली होती. या काळात मुदती संपल्या, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले. नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पुढे सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, सगळ्या संस्था प्रशासकांच्या हाती गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर ही कोंडी फुटू लागली. दरम्यान राजकारण मात्र पार बदलले. २०१६ मध्ये साताऱ्यात एकमेकींशी लढलेल्या सातारा विकास आघाडी आणि नगर विकास आघाडी या वेळी भाजपच्या झेंड्याखाली एकत्र आल्या. राष्ट्रवादी काँग्रेस आणि शिवसेना दुभंगल्या. इस्लामपूरचे ईश्वरपूर झाले. निवडणूक न्याय्य कशी ठेवायची याविषयीची आपली समजूत तेवढी जागची हलली नाही. उमेदवाराने किती खर्च करू नये, हे आपण दर काही वर्षांनी नव्याने ठरवतो. त्याचे म्हणणे मतदाराच्या कानावर किमान किती पडावे, हे मात्र आपण एकदाही ठरवलेले नाही. स्थानिक निवडणुकांतली विषमता वर्षानुवर्षे टिकून राहिली ती मुख्यतः या दुसऱ्या उणिवेमुळे, असे या काळाचा मागोवा घेताना दिसते.

खर्चाच्या बाजूने झालेले काम थोडे नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि स्थानिक निवडणुका राज्य सरकारच्या मर्जीतून बऱ्याच अंशी सुटल्या. उमेदवारांना मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देणारी शपथपत्रे सक्तीची झाली. रोजचा खर्च नोंदवण्यासाठी ‘ट्रू व्होटर’ ॲप आले. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. ग्रामपंचायतीचा उमेदवार सबळ कारणाशिवाय त्यात चुकला, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब नुसार तो पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. चहा, वडापाव, जेवणाची थाळी, मंडप, खुर्च्या, जीपगाडी यांचे दर प्रशासन आधीच ठरवून देते, म्हणजे कोणी हजारभर माणसे जेवू घालून कागदावर दोन किटल्या चहा दाखवू नये. मर्यादाही वेळोवेळी वाढल्या. २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत साताऱ्यासारख्या ‘अ’ वर्ग नगरपालिकेच्या नगराध्यक्षपदासाठी १५ लाख आणि सदस्यपदासाठी ५ लाख रुपये अशी मर्यादा होती. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या ‘ड’ वर्ग महापालिकेत ती ९ लाख. ही सगळी व्यवस्था निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपात्रतेच्या भीतीने निदान हिशेब ठेवायची सवय लागली, आणि पूर्वी जे उघड चाले ते आता लपवावे लागते.

तरीही या मर्यादेतून समानता आली नाही. पहिले कारण तिच्या गणितातच आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या २०१८ च्या निवडणुकीत ७८ जागांसाठी २० प्रभाग होते आणि त्यांतले बहुतेक चार सदस्यांचे होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख, म्हणजे एका प्रभागात सरासरी २५ हजार माणसे. मर्यादा प्रत्येक उमेदवाराला वेगळी असते. त्यामुळे आजच्या दराने एका पक्षाच्या चौघांचे पॅनेल त्याच गल्ल्यांत, त्याच मतदारांपुढे, एकाच फलकावर चार चेहरे लावून कायदेशीरपणे ३६ लाख खर्च करू शकते. त्यांच्यापैकी एकाविरुद्ध उभा असलेला अपक्ष ९ लाखांवर थांबतो, आणि तेवढे तरी त्याच्याकडे असतात कुठे? सर्वांना सारखा दिसणारा नियम इथे एका बाजूला चौपट माप घालतो. दुसरे कारण या दोन जिल्ह्यांच्या घडणीत आहे. कृष्णाकाठचे राजकारण साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, पतसंस्था आणि शिक्षणसंस्थांच्या भोवती उभे राहिले. या संस्थांनी इथे समृद्धी आणली, हे नाकारता येणार नाही. पण ज्याच्या पाठीशी अशी संस्था आहे त्याला ओळखी, माणसे, वाहने आणि गावोगावची बैठकीची जागा वर्षभर हाताशी असते. यातले दरसूचीत काय धरणार? पंधरा वर्षे संचालक असल्याचा दर कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

तिसरे कारण देशाच्या कायद्याने स्वतःच्या हाताने निर्माण केले. दिल्लीच्या सदर मतदारसंघातल्या कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये निकाल दिला, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरावा. निकालाला महिना व्हायच्या आत सरकारने अध्यादेश काढून तो निष्प्रभ केला. पक्षाचा आणि हितचिंतकांचा खर्च हिशेबाबाहेर गेला. २००३ मध्ये ही पळवाट अरुंद झाली, तरी बड्या प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार तिच्यातून अजूनही सुटतो. हे नियम लोकसभा-विधानसभेचे आहेत, पण खर्चाकडे पाहण्याची दृष्टी तिथूनच खाली झिरपली. झालेला खर्च नंतर तपासणे किती अवघड असते, हे नांदेडच्या प्रकरणात दिसले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतल्या वृत्तपत्रीय पुरवण्यांवरून अशोक चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबावर आक्षेप आला. भारत निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा निर्णय २०१४ च्या जुलैत लागला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तो रद्द केला. तोवर ती विधानसभाच मुदतीच्या शेवटाला आली होती. केंद्रीय आयोगाची ही गत, तर गावच्या वॉर्डातला हिशेब तहसील कचेरीतले लिपिक किती खोलवर तपासणार?

पैशाचा ओघ आटला की निवडणूक आपोआप समान होते का, याची एक परीक्षा नकळत २०१६ मध्येच झाली. ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि १९ दिवसांनी सातारा-सांगलीत मतदान झाले. बँकेतून आठवड्याला २४ हजारांवर रक्कम निघत नव्हती. रोकडीवर चालणारा प्रचार मोडायला याहून मोठा धक्का असू शकत नाही. तरीही साताऱ्यात मुख्य सामना झाला तो एकाच राजघराण्यातल्या दोघांच्या आघाड्यांतच. याचा अर्थ पैशाचे महत्त्व नाही असा काढू नये. रोकड नसली तरी उधारी चालते, शब्दावर मंडप उभा राहतो, आणि ही पत ज्याची आधीपासून आहे त्यालाच ती अशा वेळी उपयोगी पडते. नवख्याला उधार कोण देणार? रोकड अडवून वरच्याचा हात थोडा आखडला, खालच्याला मात्र काहीच मिळाले नाही.

खालच्याला काय मिळायला हवे, हे २०२५ च्या वेळापत्रकावरून कळते. नगरपालिकांसाठी चिन्हवाटप झाले २६ नोव्हेंबरला आणि मतदान २ डिसेंबरला. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह मतदाराला वर्षानुवर्षे पाठ असते. अपक्षाला किंवा नव्या आघाडीला ते सहा दिवसांपूर्वी मिळते. तेवढ्या दिवसांत त्याने ते छापायचे, घरोघर पोहोचवायचे आणि शिवाय पाणी, गटार, घरपट्टीवर आपले म्हणणे काय तेही सांगायचे. हा वेळ विकतच घ्यावा लागतो, आणि ज्याला तो घेता येत नाही तो मतपत्रिकेवर नाव म्हणून उरतो. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मोफत वेळ देण्याची पद्धत तरी आहे. नगरपालिकेच्या वॉर्डासाठी तसे काहीच नाही. म्हणून सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर, सारख्या वेळेसाठी, मतदारांच्या प्रश्नांना सामोरे आणणारी सभा हा स्थानिक निवडणुकीच्या नियमांचाच भाग असायला हवा. त्याला लागते काय? एक शाळेचे सभागृह, एक ध्वनिक्षेपक आणि एक घड्याळ.

अशा सभा हौशीने घेता येत नाहीत का? येतात, पण कायदा त्यांना अंधारात ठेवतो. १९२० पासून दंडसंहितेत कलम १७१-ह होते. उमेदवाराच्या लेखी संमतीवाचून त्याच्या प्रचारासाठी जाहीर सभेवर खर्च करणाऱ्याला त्यात पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला दहा दिवसांत संमती मिळवण्याची सवलत होती. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत १७६ क्रमांकाने आले आणि दंड दहा हजारांपर्यंत गेला. निःपक्षपाती सभा या कलमात बसत नाही, असे कोणताही वकील सांगेल. पण पाचांना बोलावले आणि तिघेच आले, तर ती त्या तिघांचा प्रचार ठरते का? सभागृहाचे भाडे कोणाच्या खर्चात धरायचे? याचे उत्तर लिहून दिलेले नसल्यामुळे ग्रंथालय, व्यापारी संघटना किंवा महाविद्यालय मागे सरते. ब्रिटनमध्ये हा प्रश्न सोडवलेला आहे. सर्व उमेदवारांना सारखे निमंत्रण असेल तर त्या सभेचा खर्च प्रचारखर्चात धरला जात नाही, निवडक उमेदवारांनाच बोलावले तर तो धरला जाऊ शकतो. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरच्या निवडणुकांसाठी वादसभा भरवणाऱ्या संस्थेला निमंत्रणाचे वस्तुनिष्ठ निकष आधीच ठरवावे लागतात. दोन्हीकडचे तत्त्व एकच: खर्चाची सूट हवी असेल तर दार सर्वांना उघडे ठेवा.

यावर पहिला आक्षेप असा, की बलवान उमेदवार अशा सभेला येणारच नाही. नाही आला तर नाही, सक्ती करू नये. निमंत्रण अधिकृत असेल आणि कोण आले, कोण आले नाही याची नोंद जाहीर होणार असेल, तर न येण्याचीही किंमत मोजावी लागते. शिवाय तो आला नाही म्हणून नवख्याची दहा मिनिटे कमी होत नाहीत, आणि या सभेचा मुख्य हेतू तोच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे मत जाते ते पक्षाला, गटाला, भावकीला. भाषणे ऐकून कोण ठरवतो? याला सांगलीचाच इतिहास उत्तर देतो. २०१८ मध्ये मतदारांनी ७८ पैकी ४१ जागा देऊन भाजपला महापालिकेत स्पष्ट बहुमत दिले. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, भाजपच्याच काही नगरसेवकांच्या मतांनी महापौर राष्ट्रवादीचा झाला. त्यांच्या निर्णयामागची कारणे काहीही असोत, चिन्ह पाहून दिलेले मत शेवटी एका माणसाच्या हाती जाते आणि तो माणूस कसा आहे हे कळण्याची संधी मतदाराला मिळालेली नसते. पक्षफुटीच्या या काळात व्यक्तीची पारख पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे.

तिसरा आक्षेप आयोजकांबद्दलचा. इथली कोणती संस्था कोणाच्याच गटाची नाही? हा संशय रास्त आहे आणि म्हणूनच आयोजन संस्थांच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. ग्रामसभेकडेही ते देता येत नाही, कारण तिचा अध्यक्ष सरपंच आणि तोच बहुधा उमेदवार किंवा पॅनेलप्रमुख. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तारीख आणि जागा ठरवावी, बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावावा, प्रश्न लेखी घ्यावेत, म्हणजे संशयाला फारशी जागा उरत नाही. उमेदवारांची गर्दी हीदेखील अडचण म्हणून सांगितली जाते. पण २०२२ च्या सुधारणेने नगराध्यक्ष आणि सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडले जाऊ लागले आहेत. या एका पदासाठी गावात एक सभा अगदी सहज होईल. सदस्यांसाठी प्रभागवार सभा पुढच्या टप्प्यात घेता येतील. राहिला बिनविरोधचा युक्तिवाद: गावात वाद कशाला, एकमताने ठरवू. एकमत खरे असेल तर त्यासारखे उत्तम नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे दिसल्यावर आयोगाला जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुकाच रद्द कराव्या लागल्या. उमराण्यातली बोली दोन कोटींवर गेली होती. बंद खोलीतले एकमत कशावर झाले हे गावाला कळत नाही, चावडीसमोर झालेला वाद निदान सर्वांना ऐकू येतो.

खर्चमर्यादा काढून टाकावी असे यातून मुळीच निघत नाही. बहुसदस्यीय प्रभागात एकत्र प्रचार करणाऱ्या पॅनेलला एकत्रित आणि कमी मर्यादा लावून ती उलट घट्ट करायला हवी. पण नुसत्या मर्यादेने तीस वर्षांत समान संधी निर्माण झाली नाही, आणि आकडा आणखी वाढवून किंवा ॲप आणखी सुधारून ती होणार नाही. जानेवारी २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षे भरली आहेत. त्यांच्या पुढच्या निवडणुकीपूर्वी राज्य निवडणूक आयोगाने एक आदेश काढावा: प्रत्येक सरपंचपदासाठी आणि नगराध्यक्षपदासाठी एक समान व्यासपीठ, सर्वांना सारखा वेळ, आणि त्या सभेचा खर्च कोणाच्याही हिशेबात नाही. आयोग हे करील तेव्हा करील. तोवर मत मागायला दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला मतदारांनी एवढेच विचारावे, की बाकीच्यांच्या शेजारी बसून आमच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला तुम्ही कधी येता?